लत्ताप्रहाराचे बळ : वेग, वस्तुमान आणि भूमी

वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा परिसर गवळाऊ जातीच्या गुरांचा प्रदेश म्हणून पशुसंवर्धनाच्या अभ्यासकांस परिचित आहे. या भागातील गुराख्यास यंत्रशास्त्र कोणी शिकविलेले नसते. तथापि धार काढताना गाईच्या मागच्या पायाच्या फेऱ्यात आपला गुडघा येऊ द्यावयाचा नाही, आणि घोड्याच्या नेमके पाठीमागे कधीही उभे राहावयाचे नाही, हे दोन नियम तो लहानपणीच शिकतो. गाय लाथ मारते ती पाय प्रथम पुढे घेऊन मग बाजूस व मागे कमानीत फिरवून. घोडा मारतो ती सरळ मागे, खूर नेमून, पुष्कळदा दोन्ही पायांनी. तिलाच मराठीत दुगाणी असे नाव आहे. एकाच अंगणात उभ्या असलेल्या या दोन जनावरांनी लत्ताप्रहाराचे दोन मूलभूत वर्ग दाखवून दिलेले आहेत. मनुष्याने निरनिराळ्या देशांत व निरनिराळ्या युद्धकलांत लाथेचे जे प्रकार सिद्ध केले, त्यांतील बहुतेकांची वाटणी शेवटी याच दोन वर्गांत करता येते. पहिल्यात पाय वर्तुळाच्या चापातून येतो, दुसऱ्यात तो सरळ रेषेत येतो. प्रस्तुत लेखात त्यांना अनुक्रमे वर्तुळगामी व सरळगामी प्रहार असे म्हटले आहे.

कराटे व तायक्वांदो यांचे वर्ग आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले असून तेथे येणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : सर्वांत जोरदार लाथ कोणती? प्रश्न साधा दिसतो. परंतु 'जोर' या शब्दात निदान चार भिन्न राशी दडलेल्या आहेत. आदळल्यावर समोरच्या वस्तूस किती धक्का बसतो, ही संवेगाची बाब होय. तिची मोडतोड किती होते, ही मुख्यतः ऊर्जेची बाब होय. आघाताच्या क्षणी दाब कोणत्या शिखरापर्यंत चढतो, हा बलाचा प्रश्न आहे; आणि ऊर्जा किती थोड्या वेळात दिली जाते, हा काटेकोर अर्थाने शक्तीचा. या चारही बाबतींत एकच लाथ अग्रेसर ठरेल असे गृहीत धरण्यास काहीही आधार नाही, आणि वस्तुतः तसे होतही नाही.

हा घोटाळा आखाड्यात प्रथम उत्पन्न झाला असेही नाही. युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत विद्वानांच्या दोन पक्षांत नेमक्या याच मुद्द्यावर दीर्घ वाद चालला होता. गतिमान वस्तूचे 'बळ' वस्तुमान व वेग यांच्या गुणाकाराने मोजावे, असे देकार्तच्या अनुयायांचे म्हणणे. लायबनिट्सने १६८६ साली त्यास हरकत घेतली आणि वेगाचा वर्ग घ्यावयास हवा असे प्रतिपादन केले. पुढे १७२२ च्या सुमारास हॉलंडमधील ग्राव्हेसांदे याने पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की मातीतील खळगा दुप्पट न होता चौपट होतो, असे त्यास आढळले. एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाचा पुरस्कार केला, आणि १७४३ मध्ये दालांबेरने हा वाद बव्हंशी शब्दांचा आहे असे मत दिले. दोन्ही पक्ष बरोबर होते. एक संवेग मोजत होता, दुसरा ऊर्जा. कोणती लाथ जोरदार यावर तावातावाने वाद घालणारे दोन शिष्य पुष्कळदा अशाच दोन पक्षांचे असतात.

आता मनुष्याच्या पायाकडे वळू. शरीरभागांच्या वस्तुमानाची जी कोष्टके यांत्रिक अभ्यासात सर्वत्र वापरली जातात, त्यांनुसार एका संपूर्ण पायाचे वस्तुमान शरीराच्या सुमारे १६ टक्के भरते. त्यात मांडीचा वाटा १० टक्के, गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या भागाचा साडेचार टक्क्यांहून थोडा अधिक, आणि पावलाचा जेमतेम दीड टक्का. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या तरुणाचा एक पाय साडेनऊ किलोग्रॅमच्या थोडा वर भरतो. पण त्यांतील ६ किलोग्रॅम एकट्या मांडीचे असतात, आणि प्रत्यक्ष आदळणारे पाऊल एक किलोग्रॅमही भरत नाही. वस्तुमानाची ही उतरती वाटणी वर्तुळगामी प्रहाराच्या मुळाशी आहे.

ज्वारीच्या शेतात माचाणावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्याने गोफण कशी फिरविली, ते आठवावे. खांदा प्रथम फिरतो, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी दोरीच्या टोकाचा दगड. प्रत्येक दुवा आपली गती पुढच्याच्या स्वाधीन करून स्वतः मंदावतो. कराटेत मावाशी गेरी, तायक्वांदोत डोल्यो चागी आणि सर्वसाधारण बोलण्यात राउंड किक म्हणून ओळखली जाणारी लाथ हिच्याच जातीची आहे. उभा पाय टाचेवरून सुटा होऊन चवड्यावर फिरतो, त्याबरोबर कंबर फिरते, मांडी पुढे झेपावते, आणि मांडीची गती मंदावू लागते त्याच सुमारास गुडघा उलगडून नडगी व पाऊल सुटतात. जड मांडीने कमावलेली गती हलक्या पावलाकडे आल्यामुळे त्याचा वेग फार वाढतो. मांडी थांबवू नये, ती जोराने तशीच रेटीत न्यावी, असे नवशिक्यास वाटते. परंतु गोफणीचा हात थांबलाच नाही तर दगड सुटत नाही, हे त्यास पटवून द्यावे लागते.

सरळगामी प्रहाराची तऱ्हा वेगळी आहे. बाजूस मारावयाची साइड किक, म्हणजे योको गेरी किंवा योप चागी, आणि पाठमोरे होऊन मारावयाची बॅक किक, म्हणजे उशिरो गेरी किंवा द्वी चागी, यांना गोफणीपेक्षा पहारीची उपमा शोभते. गुडघा छातीकडे ओढून घेतला जातो, आणि मग खुबा व गुडघा हे दोन्ही सांधे एकाच वेळी ताणले जाऊन टाच सरळ रेषेत पुढे जाते. पावलाचा वेग येथे तुलनेने कमी राहतो. परंतु आघाताच्या क्षणी टाच, गुडघा व खुबा जवळजवळ एका रेषेत आलेले असल्यामुळे नुसते पाऊलच आदळत नाही. त्याच्या पाठीमागे मांडी आणि काही अंशी धडही उभे असते. मागे मारावयाच्या लाथेत नितंबाचा स्नायू व मांडीच्या मागील बाजूचे स्नायू पुरते कामास येतात. मनुष्य धावताना, चढ चढताना व ओझे उचलताना ज्यांच्यावर विसंबतो तेच हे स्नायू. घोड्याच्या दुगाणीतही तेच काम करतात.

आघातात सहभागी होणाऱ्या या वस्तुमानास परिणामी वस्तुमान म्हणतात. त्याची कल्पना एका साध्या उदाहरणाने येईल. सारख्या जाडीचा दांडा एका टोकास खिळवून फिरविला, तर त्याच्या मोकळ्या टोकाशी जाणवणारे वस्तुमान दांड्याच्या एकूण वस्तुमानाचा केवळ तिसरा हिस्सा असते. तोच दांडा लांबीच्या दिशेने ढकलला, तर सगळाच्या सगळा आदळतो. पाय हा काही सारख्या जाडीचा दांडा नव्हे, आणि त्याचे सांधेही ताठ नसतात. तथापि दोन वर्गांतील अंतर कोठून येते हे यावरून कळते.

केवळ दृष्टान्तादाखल दोन लाथा घ्याव्यात. पहिली वर्तुळगामी, तिचा वेग सेकंदास १४ मीटर व परिणामी वस्तुमान ३ किलोग्रॅम मानू. दुसरी सरळगामी, तिचा वेग निम्मा, म्हणजे ७ मीटर, व परिणामी वस्तुमान १० किलोग्रॅम. पहिलीचा संवेग ४२ एकके येतो, दुसरीचा ७०. परंतु ऊर्जा पाहिली तर पहिलीत २९४ जूल भरतात व दुसरीत २४५. म्हणजे धक्क्यात दुसरी लाथ कितीतरी पुढे, आणि ऊर्जेत पहिली किंचित सरस. पुढे असे समजू की पहिली लाथ एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आपला संवेग देऊन मोकळी झाली, व दुसरीस त्याच्या अडीचपट वेळ लागला. तर पहिलीचे सरासरी बल २१०० न्यूटन व दुसरीचे १४०० न्यूटन होईल. मग बलाच्या मापानेही क्रम उलटला. आणि हा स्पर्शकाल लाथ मारणाऱ्यापेक्षा समोरची वस्तू मऊ की कठीण यावर अधिक अवलंबून असतो. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत पुतळ्यास लाथ मारून बलाचे जे आकडे झळकविले जातात, त्यांची एकमेकांशी तुलना का करू नये, याचे कारण इतकेच. पुतळ्याचे आवरण बदलले की आकडा बदलतो.

प्रयोगशाळांतील मोजण्यांतूनही हाच द्विभाव दिसतो. सेरिना व ल्यू यांनी १९९१ साली तायक्वांदोतील लाथांमुळे छातीस होणाऱ्या संभाव्य इजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तुळगामी लाथांचा वेग स्पष्टपणे अधिक असतो. परंतु वेग कमी असूनही बरगड्यांचा पिंजरा दाबण्याची क्षमता सरळगामी लाथांत अधिक, असे त्यांस आढळले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील निवडक तायक्वांदोपटूंच्या मोजणीत राउंड किकचा वेग सेकंदास सुमारे १५ मीटर, साइड किकचा त्याच्या निम्म्याहून कमी, आणि गिरकी घेऊन मारलेल्या बॅक किकचा या दोहोंच्या दरम्यान आला. बल मात्र गिरकीच्या बॅक किकचे सर्वांत जास्त भरले. घोड्याचा कौल येथे खरा ठरतो. धडावर मारावयाच्या एकाच लाथेचे नाव घ्यावयाचे झाले, तर ते या गिरकीच्या बॅक किकचे घ्यावे लागेल. गिरकीमुळे पाऊल सुटण्यापूर्वीच शरीरात कोनीय संवेग साठतो, आणि तो अखेरच्या क्षणी सरळ रेषेत वळविला जातो. दोन्ही वर्गांचा लाभ तिला अंशतः मिळतो. त्याची किंमत म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे क्षणभर पाठ करणे, आणि नेम चुकल्यास तोल सावरण्यास लागणारा वेळ.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात सांगता येईल. वरून खाली आणावयाच्या लाथेत, म्हणजे नेर्यो चागीत, गुरुत्वाकर्षण मोठे साहाय्य करते असा समज आहे. पायाचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर खाली आला असे धरले तरी साडेनऊ किलोग्रॅमच्या पायास त्यापासून साठ जूलही मिळत नाहीत. बाकीचे काम स्नायूंनाच करावे लागते. उडी मारून दिलेली लाथ प्रेक्षणीय खरी, परंतु हवेत असताना जमिनीचा आधार तुटतो, आणि धावत येऊन कमावलेल्या गतीपलीकडे नवे काही मिळविता येत नाही. थायलंडच्या मुष्टियुद्धातील फिरती लाथ मात्र वेगळी गणावी लागते. तीत पावलाऐवजी नडगीने प्रहार होतो आणि गुडघा फारसा उलगडत नाही. नडगी फिरण्याच्या अक्षाच्या अधिक जवळ असल्याने वेग थोडा घटतो, पण परिणामी वस्तुमान वाढते. शिवाय पावलाच्या माथ्यावरील बारीक हाडे वाचतात. वर्तुळगामी व सरळगामी हे वर्ग म्हणजे दोन बंद कोठड्या नव्हेत, हे या एका लाथेवरून ध्यानात यावे.

आता एका प्रचलित समजुतीचा विचार केला पाहिजे. 'लाथेचे बळ जमिनीतून येते', असे प्रशिक्षक सांगतात. ते खरे आहे, परंतु ज्या क्षणी खरे आहे असे मानले जाते त्या क्षणी नव्हे. वरील उदाहरणातील सरळगामी लाथेने ७० एकके संवेग दिला, तर प्रतिक्रियेचा तितकाच संवेग मारणाऱ्यास मागे मिळतो. स्पर्शकाल सेकंदाचा विसावा भाग, तरुणाचे वजन ६० किलोग्रॅम, आणि जमिनीशी घर्षणाचा गुणांक ०·६ धरला, तर उभ्या पायाखालील जमीन त्या वेळात १७–१८ एककांहून अधिक संवेग शोषू शकत नाही. उरलेला तीन चतुर्थांश भाग शरीरासच सोसावा लागतो. म्हणून शरीर आधीच सेकंदास सुमारे ०·९ मीटर वेगाने पुढे येत असेल तर आघातानंतर ते जागच्या जागी थांबते. ते स्थिर असेल तर मागे फेकले जाते. एक पाऊल सरकून मारलेली लाथ व जागेवरून मारलेली लाथ यांतील फरक कवायतीतील डौलाचा नसून या हिशेबाचा आहे. जमिनीने आपले काम आघातापूर्वीच केलेले असते : शरीरास पुढे लोटण्याचे आणि कंबरेस पीळ देण्याचे.

जमिनीचा प्रश्न एकदा निघाला की आर्वीची काळी जमीन दृष्टीआड करता येत नाही. विदर्भातील ही कापसाची माती ओली झाली की फुगते व चिकटते, वाळली की आकसते व तिला भेगा पडतात. वर्तुळगामी लाथेत उभे पाऊल काटकोनाहून अधिक, कधी कधी त्याच्या दुप्पट फिरावे लागते. पाऊल चिकट मातीत रुतून बसले किंवा भेगेत अडकले आणि वरचे शरीर मात्र पूर्ण वेगाने फिरले, तर तो सगळा पीळ मधल्या सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर येतो. गुडघा वाकणे व ताठ होणे यांसाठी घडलेला आहे. अशा पिळास तो फार थोडा वाव देतो. गुडघ्यातील पुढचा तिरपा बंध तुटणे ही अशा प्रसंगीची गंभीर इजा होय, आणि तीस प्रतिस्पर्ध्याचा स्पर्शही आवश्यक नसतो. शहरातील सभागृहात रबरी गादीवर शिकविलेली राउंड किक तालुक्याच्या मैदानावर जशीच्या तशी नेणे म्हणूनच धोक्याचे ठरते. सरळ पुढे मारावयाच्या लाथेत उभा पाय फारसा फिरत नाही, आणि साइड किकमध्ये तो आघातापूर्वीच, म्हणजे गुडघा वर घेतानाच, फिरवून ठेवता येतो. तेवढ्यापुरती ती अशा जमिनीवर अधिक सुरक्षित आहे. नवशिक्यास प्रथम कोणती लाथ शिकवावी याचे उत्तर पायाच्या यांत्रिकीत जितके आहे, तितकेच पायाखालच्या मातीत आहे.

या प्रदेशाची स्वतःची क्रीडापरंपरा या बाबतीत वेगळाच धडा देते. मल्लविद्येत पायाचा उपयोग टांग, ढाक अशा डावांत होतो. प्रहारास तेथे मज्जाव आहे. लाथेस मानाचे स्थान मिळाले ते हुतूतूत, म्हणजे आजच्या कबड्डीत. आर्वीच्या पश्चिमेस वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तेथे अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि त्यांत कबड्डीचाही समावेश होता. चढाई करणारा खेळाडू पाय पुढे, बाजूस वा मागे झोकून बचाव करणाऱ्यास केवळ शिवण्याचा यत्न करतो. त्याला ना संवेग हवा असतो ना ऊर्जा. हवी असते ती पोहोच आणि त्याहून अधिक परतीची गती. कारण लांबलेला पाय घोट्याशी पकडला गेला की चढाई संपलीच. म्हणून कबड्डीतील कसलेला पाय जितक्या वेगाने जातो तितक्याच वेगाने परत येतो, आणि शरीराचा भार मध्यरेषेच्या बाजूसच राहतो. ज्या पुढे झोकलेल्या भाराने साइड किकला धक्का येतो, तोच भार येथे घातक ठरतो. कबड्डी खेळलेला मुलगा तायक्वांदोकडे वळला की त्याची लाथ चपळ पण हलकी का पडते, याचा उलगडा यात आहे. तो दोष नसून निराळ्या हेतूने लागलेली सवय आहे. ती मोडावयाची की ठेवावयाची हे नियम पाहून ठरवावे.

नियमांचा प्रभाव खरोखर मोठा असतो. तायक्वांदोचे पदकांसह ऑलिंपिकमधील पदार्पण २००० साली सिडनीस झाले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून खेळाडूच्या छातीवर विद्युत् संवेदकांचे कवच आले. हे कवच ठराविक मर्यादेपलीकडील आघातच गुणपात्र मानते, आणि ही मर्यादा वजनगटानुसार बदलते. मर्यादा ओलांडल्यानंतर अधिक जोर लावल्याने एकही गुण वाढत नाही. २०१८ च्या नियमांनुसार धडावरील साध्या लाथेस २ व गिरकीच्या लाथेस ४ गुण, तर डोक्यावरील साध्या लाथेस ३ व गिरकीच्या लाथेस ५ गुण ठरविण्यात आले. अशा व्यवस्थेत विचारी खेळाडू सर्वांत जोरदार लाथ शोधीत नाही. कमीत कमी पूर्वसूचना देऊन मर्यादेपलीकडे जाणारी लाथ तो शोधतो, आणि ती बहुधा पुढच्या पायाची असते.

डोक्यास अधिक गुण देण्यात यंत्रशास्त्रदृष्ट्या एक विसंगतीही आहे. मेंदूस होणारी इजा केवळ सरळ धक्क्याने होत नाही. डोके झटक्यात फिरल्याने होणाऱ्या कोनीय त्वरणाचा तीत मोठा वाटा असतो. जबड्यावर बाजूने आलेली वर्तुळगामी लाथ असेच त्वरण उत्पन्न करते, आणि त्यासाठी तिला फार वस्तुमानाची गरज नसते. जी लाथ धक्क्याच्या मापाने दुय्यम ठरली, ती येथे अधिक भयंकर ठरते. छातीच्या बाबतीतही अशीच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हृदयाच्या नेमक्या वर, आणि हृदयाच्या ठोक्याच्या चक्रातील एका अत्यंत अल्प कालखंडात आघात झाला, तर बरगडी न मोडताही हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. वैद्यक यास कमोशिओ कॉर्डिस म्हणते. ज्यांच्या छातीचा पिंजरा अद्याप लवचीक आहे अशा किशोरवयीन मुलांत हा प्रकार विशेष आढळतो, आणि त्यास असामान्य बळाची आवश्यकता नसते. तेव्हा 'हळूच मारली' हे समर्थन शाळेच्या मैदानावर पुरेसे मानता येत नाही. छातीस कवच आणि मैदानाजवळ हृदयास विद्युत् झटका देणारे उपकरण या दोन्ही गोष्टींचा विचार प्रशिक्षकाने लाथांच्या क्रमवारीच्या आधी करावयास हवा. कवचाने असा आघात पूर्णतः टळतोच असेही नाही.

लाथांची प्रत्यक्ष तुलना करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास महागड्या संवेदकांवाचूनही पुष्कळ करता येईल. कापसाच्या बाजारपेठेच्या गावी सरकीची पोती दुर्मिळ नसतात. सरकीत थोडी वाळू मिसळून भरलेले ४० किलोग्रॅमचे पोते अडीच मीटर लांबीच्या दोरांनी आडव्या तुळईस टांगावे. हाच लंबकाच्या तत्त्वावरील संवेगमापक होय. वरील दृष्टान्तातील ७० एककांच्या लाथेने, सारा संवेग पोत्यास मिळाल्यास, ते आडव्या दिशेत सुमारे ८७ सेंटिमीटर सरकेल. ४२ एककांच्या लाथेने सुमारे ५३ सेंटिमीटर. पाठीमागे खडूच्या खुणांची फळी उभी करून व साध्या भ्रमणध्वनीने चित्रण करून हे अंतर सहज वाचता येते. एवढ्यावरच थांबणारा विद्यार्थी मात्र देकार्तच्या पक्षास जाऊन मिळेल, कारण पोते केवळ संवेगच तोलते. त्यासाठी दुसरे साधन ग्राव्हेसांदेचे घ्यावे. भक्कम भिंतीस टेकवलेल्या फळीवर भिजवून मळलेल्या काळ्या मातीचा वीतभर जाडीचा थर द्यावा, खडे वेचून काढावेत, आणि त्यावर मध्यम वेगाने लाथ मारवून पडलेल्या खळग्यात बारीक वाळू भरून ती तोलावी. खळग्याची खोली मोजू नये. टाचेचा खळगा अरुंद व खोल असतो, पावलाच्या माथ्याचा पसरट व उथळ, आणि ऊर्जेशी प्रमाण राखते ते त्याचे घनफळ.

दोन्ही साधनांवर त्याच व्यक्तीच्या त्याच लाथा घेतल्या तर दोन निरनिराळ्या क्रमवाऱ्या मिळण्याचा संभव आहे, आणि त्या दोन्ही शेजारी शेजारी छापाव्यात. सरळगामी लाथेच्या वेळी पोते पायाने ढकलीत नेले जात नाही ना, हे चित्रणात तपासावे लागेल. स्पर्श सुटल्यानंतरचे सरकणेच हिशेबास धरावयाचे आहे. पोते पुरते स्थिर झाल्यावाचून पुढील लाथ घेऊ नये. पावसाळ्यात सरकी ओल धरते व पोत्याचे वजन वाढते, म्हणून प्रत्येक सत्रापूर्वी ते पुन्हा काट्यावर घालून पाहावे.